बेसाल्ट आणि पाण्याचे रसायन : परंडा परिसर

बालाघाटच्या उतारावरून सीना नदीकडे पाणी नेणारे ओढे आणि परंडा तालुक्यातील विहिरी या दोहोंच्या पाण्याची घडण एकाच खडकात होते. तो म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून बनलेला दख्खनचा बेसाल्ट, बोलीत काळा पाषाण.

मातीत मुरणारे पावसाचे पाणी मुळांनी व जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. हे सौम्य आम्ल बेसाल्टातील फेल्डस्पार व पायरॉक्सिन झिजवते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका पाण्यात उतरतात, आम्लाचे बायकार्बोनेट होते. ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्ट लवकर झिजतो, म्हणून येथील विहिरीचे पाणी सहसा जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. पाणी उकळले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन पातेल्याच्या आत पांढरे पुट धरते. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे हे याच कार्बोनेटाचे; तिथे उकळण्याचे काम उन्हाने व बाष्पीभवनाने होते.

पाणी खडकात किती काळ राहिले, याला फार महत्त्व आहे. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी चटकन वाहून जाते, त्यामुळे त्यात क्षार कमी असतात. पाऊस सरल्यावर ओढ्यात झिरपते ते भूजलच, म्हणून ते अधिक जड. विहिरींना पाणी मुरूम, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट) आणि भेगाळलेल्या पाषाणातून मिळते. दोन थरांमधला तांबडा गेरू ते बहुधा अडवून धरतो. खोल बोअरचे पाणी कधीकधी वेगळे निघते. दीर्घ मुक्कामात चिकणमातीची खनिजे त्यातला कॅल्शियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. असे पाणी जिभेला मऊ लागले तरी पिकाला सतत दिल्यास काळी जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट व पाणी न मुरणारी, होते.

नायट्रेटचा दोष मात्र खडकाला देऊ नये. बेसाल्टात नायट्रोजन नगण्य असतो. विहिरीत नायट्रेट येते ते खते, उकिरडे आणि सांडपाणी यांतून. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. एकूण जडपणाची मर्यादा २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ती ६०० आहे. विहीर वा बोअर असणाऱ्याने पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पाणी तपासून घ्यावे. शेतीसाठी वापरायचे असेल तर सोडियमही मोजायला सांगावे.