कोठार आणि ओंजळ

दिवाळीला पाहुणे आले की कपाटातली सोलापुरी चादर बाहेर निघते. तिच्यावरील वेलबुट्टी उमटते ती जॅकार्डच्या युक्तीने. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ मागावर चढवावयाची. धोट्याच्या एकेका फेकीला ताण्यातील कोणते धागे उचलावयाचे, हे एकेक पट्टी सांगते. फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी अशाच पट्ट्या योजल्या. संगणकाला सूचना देण्याच्या इतिहासात मागाचे नाव येते ते असे.

आता पाहा, विणकर मागावर हव्या त्या नक्षीचीच माळ चढवितो. साऱ्या नक्ष्यांचे ओझे मागावर घालीत नाही. संगणकाच्या जगाला हे शहाणपण एकदा गवसले, मग हरवले, आणि पुन्हा शोधावे लागले.

संगणकाच्या सूचना, म्हणजे कोड, हजारो फायलींत असतो आणि शेकडो माणसे तो बदलीत असतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणारी व्यवस्था १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंडने रचली. पुढे सब्व्हर्जनसारख्या व्यवस्थांत कोठार एके ठिकाणी असे, आणि कामकऱ्याला त्यातला हवा तो कप्पाच नेता येई. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ निर्माण केले. येथे प्रत्येकाच्या घरी अख्खे कोठार, जुन्या नोंदींसकट! एक प्रत जळाली तरी दुसरीवरून सारे उभे करता येई. परंतु कोठारे फुगत गेली. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा कोड गिटमध्ये आणला, तेव्हा तो सुमारे ३५ लाख फायली व ३०० जीबी भरला. नुसती प्रत उतरवायला बारा तासांहून अधिक लागत.

यावर दोन उपाय निघाले. पहिला ‘स्पार्स चेकआउट’. तो गिटमध्ये २०१० साली आला व २०२० मध्ये सुलभ झाला. यात निवडलेले कप्पेच मेजावर येतात. न आणलेल्या फायली पुसल्या जात नाहीत. नव्या नोंदीत त्या जशाच्या तशा राहतात. मात्र याने मेज मोकळे होते, उतरवून घ्यावयाचे ओझे नव्हे. ते हलके करतो तो २०१८ च्या सुमारास आलेला दुसरा उपाय, ‘पार्शल क्लोन’. यात फायलींतला जुना मजकूर मूळ कोठारातच राहतो आणि लागेल तेव्हा मागविला जातो.

सोलापुरात घरी बसून, साध्या संगणकावर एखाद्या अवाढव्य कोठारातील चार फायली दुरुस्त करणाऱ्या तरुण मुलीला याचे मोल विचारावे. तरीही दोन धोके उरतातच. आपण बदललेली सूचना न आणलेल्या कप्प्यात कोणी वापरीत असेल, तर ते समोर दिसत नाही. म्हणून बदल पारखावयाचा तो संपूर्ण कोडावरच. दुसरे असे की, संपर्क तुटला की जुना मजकूर मिळत नाही. आणि सगळ्यांनीच ओंजळभर नेले, तर घरोघरी अख्खी प्रत असण्याचा तो जुना आधारही जातो.

मागावरून उतरविलेल्या माळा विणकर नीट बांधून ठेवतो. ती नक्षी पुन्हा लागणार, हे त्याला ठाऊक असते. ओंजळ खुशाल आपल्यापुरती घ्यावी. मात्र अख्खे कोठार कोणाच्या घरी आहे, आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे, एवढे आधी विचारून घ्यावे.