अग्नी, अस्थी आणि पुनरुत्थान

इ. स. १७७ साली गॉल प्रांतातील ल्यों नगरात ख्रिस्ती श्रद्धावंतांचा अमानुष छळ झाला. रक्तसाक्ष्यांचे देह सहा दिवस उघड्यावर टाकून मग जाळण्यात आले आणि राख ऱ्होन नदीत लोटून देण्यात आली. युसेबियस या इतिहासकाराने जतन केलेल्या पत्रात छळकर्त्यांचा हेतू नोंदलेला आहे : या लोकांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये! म्हणजे अग्नी पुनरुत्थान रोखू शकतो, ही समजूत मुळात मारेकऱ्यांची होती. आज तीच आपल्या घराघरांत भीतीच्या रूपाने वावरताना दिसते, हे आम्हांस विपरीत वाटते.

आद्य ख्रिस्ती लोक दफन करीत, कारण प्रभूचा देह कबरेत ठेवला गेला होता आणि यहुदी परंपराही तीच होती. दहनाने आमचे काही बिघडेल असे भय नाही, केवळ जुनी आणि अधिक चांगली रीत आम्ही पाळतो, असा खुलासा मिनुसियस फेलिक्स या लेखकाने केला होता. पुढे सम्राट शार्लमेनने सॅक्सन लोकांना दहनाबद्दल देहदंड फर्मावला. त्यात धर्मापेक्षा राजकारण अधिक.

खरा तंटा एकोणिसाव्या शतकात उद्भवला. पादुआचे प्राध्यापक ब्रुनेत्ती यांनी १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात आपली दाहभट्टी मांडली. १८७६ साली मिलान येथे दाहगृह सुरू झाले. या चळवळीच्या अनेक पुरस्कर्त्यांनी, विशेषतः फ्रीमेसन मंडळींनी, दहनाला ख्रिस्तसभेविरुद्धचे हत्यार केले. म्हणून १९ मे १८८६ रोजी रोमने बंदी घातली आणि १९१७ च्या धर्मसंहितेने ती कायम ठेवली. रोख ज्वाळेवर नव्हता, हेतूवर होता. तो हेतू ओसरल्यावर १९६३ साली बंदी सैल झाली. १९८३ ची संहिता दफनाची मनःपूर्वक शिफारस करते. ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधातून केलेले नसेल तर दहनास मनाई करीत नाही.

आता अग्नी देहाचे करतो तरी काय? भट्टीतील उष्णता साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस असते. आधी शवपेटी वा कापड जळते. देहाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच. ते वाफ होऊन निघून जाते. स्नायू आकसतात, हातपाय दुमडतात. ‘प्रेत चितेवर उठून बसले’ या कहाण्यांचे मूळ हेच. त्यात वेदना नाही, जाणीव नाही. मग मांस आणि चरबी वायुरूप होते. हृदयाला बसवलेला पेसमेकर तेवढा आधी काढावा लागतो, नाहीतर त्याचा स्फोट होतो. दीड-दोन तासांत हाडांतील सेंद्रिय भाग जळून जातो आणि खनिज उरते, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट : पांढरे, ठिसूळ. ते दळले की दोन-तीन किलो भुकटी होते. आपण तिला राख म्हणतो. वस्तुतः त्या अस्थीच असतात.

मातीही हेच करते, फक्त वर्षे घेते. जागेच्या टंचाईमुळे मुंबईच्या कित्येक दफनभूमींत काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्या कोनाड्यातले आणि कलशातले द्रव्य मूलतः एकच आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे २०१६ च्या रोमच्या सूचना जाचक वाटत नाहीत. अस्थी पवित्र स्थळी ठेवाव्यात, उधळू नयेत, त्यांचे दागिने करू नयेत, अपवाद वगळता घरी ठेवू नयेत. आजीची हाडे फडताळात कोण ठेवील? डिसेंबर २०२३ मध्ये रोमने थोडी मोकळीक दिली : सामायिक पवित्र जागी अनेकांची रक्षा एकत्र ठेवता येईल, आणि अल्पसा अंश मृताच्या जीवनात महत्त्वाच्या ठरलेल्या ठिकाणी ठेवण्याच्या विनंतीचाही विचार करता येईल.

मुंबईच्या कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत निवर्तले. त्यांचे दहन झाले आणि नंतर अस्थी पृथ्वीराज रोडवरील ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आल्या.