'लुक आउट' म्हणजे बाहेर पाहणें नव्हे

धोक्याची हांक ऐकणाऱ्याला विचार करावयास सवड देत नाहीं. ती त्याच क्षणीं कळली तर उपयोग, नाहीं तर घात. 'लुक' म्हणजे पाहणें व 'आउट' म्हणजे बाहेर, असा शब्दशः अर्थ लावून कोणी आगगाडीच्या खिडकीबाहेर डोकें काढील, तर ज्या संकटापासून वांचवावयाचें त्याच्याच तोंडीं तो जाईल!

जहाजाच्या डोलकाठीवरून क्षितिज न्याहाळणाऱ्या खलाशाला इंग्रजींत 'लुकआउट' असेंच म्हणतात. याचें भावंड 'वॉच आउट'. त्यांतील 'वॉच' व जागें होणें या अर्थाचा 'वेक' हे एकाच मुळापासून निघाले. म्हणजे मूळ भाव 'जागा रहा' हा. आपला 'सावधान' अवधानापासून आला. 'खबरदार' फारशींतला, ज्याच्यापाशीं खबर आहे तो. 'सावधान' ऐकून जांबचा नारायण ठोसर बोहल्यावरून पळाला व पुढें समर्थ रामदास झाला, अशी आख्यायिका आहे. शब्दशः अर्थ घेणें तेथें मात्र फळास आलें.

साष्टींतील मरोळ गांवानें राज्यकर्त्यांच्या अशा कितीतरी भाषा पाहिल्या. जवळच कोंडिवटें येथें पोर्तुगीजांनीं १५७९ मध्यें सेंट जॉन द बॅप्टिस्टचें चर्च उभारलें. त्यांच्या भाषेंत सावधगिरीचा शब्द 'कुइदादो', मुळांत काळजी. १७३७ त साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ त इंग्रजांनीं घेतली. साथीमुळें १८४० च्या सुमारास तें चर्च ओस पडलें व उपासना मरोळांत आली. या सर्व घालमेलींत तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची बोली मराठीच राहिली.

१८४७ सालीं मोल्सवर्थ व कॅंडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला. परंतु कोशांत शब्द मिळतो, प्रसंग मिळत नाहीं. 'लुक आउट!' एकटें उच्चारलें कीं इशारा झाला. धोका कोणता हें सांगावयाचें तर पुढें 'फॉर' लागतो: 'लुक आउट फॉर द ट्रेन', म्हणजे गाडी येत आहे, जपा. पण स्टेशनावर येणाऱ्या मित्राची वाट पाहतांनाही हेंच 'लुक आउट फॉर' चालतें, तेव्हां संदर्भ सोडून भागत नाहीं. 'खबरदार' हा त्याला नेहमींचा पर्याय नव्हे. 'खबरदार, पुढें आलास तर!' यांत दटावणी आहे. वडीलधाऱ्यांना 'अहो, सांभाळा' हेंच शोभतें. इंग्रजाला तेवढा भेद करावा लागत नाहीं.

मुंबईच्या लोकलगाडींत पायदान व फलाट यांमधील अंतराकडे लक्ष देण्यास सांगतात. तेथें इंग्रजींत 'लुक आउट' येत नाहीं, 'माइंड' येतो. कारण ती फट जागच्या जागींच असते, अंगावर धांवून येत नाहीं.