भिगवण : ओळखीच्या पाणथळीचा इतिहास

मंडळी, महाळुंगे-चाकणकडचे आपण बरेच जण दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन भिगवणला जातो. जागा ओळखीची, कुंभारगावचे नावाडीही ओळखीचे. पण ही जागा झाली कशी, हे आपण क्वचितच विचारतो.

ही पाणथळ माणसाने केलेली आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याआधी इथे शेतं होती, नांदती गावं होती. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं आणि गाव वरच्या अंगाला बसलं. पुढे या पाण्यावर मासेमारी उभी राहिली. आज आपल्याला पक्षी दाखवणारे कित्येक हात मूळचे जाळी टाकणारे.

उन्हाळ्याकडे पाणी उतरतं, तेव्हा दोन गोष्टी होतात. उथळ गाळात रोहित चोच उलटी घालून चरतात आणि पाणी फारच आटलं, तर ते बुडालेलं देऊळ उघडं पडतं. आपण फोटो कशाचा काढतो, तर रोहितांचा!

आता आपल्या दाराशी या. महाळुंगेच्या दक्षिणेची इंद्रायणी देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते आणि उजनीत पोचते. म्हणजे इथल्या गटारांचं, कारखान्यांचं जे नदीत जाईल, ते हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकदंबांपुढेच जाणार.

म्हणून वहीत पक्ष्यांच्या संख्येशेजारी पाण्याची पातळी आणि रंगही लिहूया. उद्या इतिहास लिहिणाऱ्याला तोच पुरावा लागेल.