आकाशांतील भाड्याची गाडी

रस्त्यावर दाटी होऊन मोटार खोळंबली म्हणजे आंत बसलेल्या मनुष्याची नजर काचेंतून सहजच वर जाते. खालीं तसूभर जागा नाहीं आणि वर सगळें आकाश मोकळें, असें असतां आपण वरून कां जाऊं नये, हा प्रश्न त्याच्या मनांत येतो व गाडी चालूं लागली कीं विरून जातो. परंतु कांहीं माणसांच्या मनांतून तो विरला नाहीं. विजेच्या बळावर सरळ वर उठणाऱ्या, चार-दोन उतारू घेऊन शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास जाणाऱ्या लहान विमानांच्या वार्ता गेल्या दहा-पंधरा वर्षांत वर्तमानपत्रांतून वारंवार येत आहेत, व ‘हवाई टॅक्सी’ हें नांव आतां शाळेंतील मुलांनाहि ठाऊक झालें आहे. या वार्ता वाचून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, ही कल्पना आपल्याच पिढीस प्रथम सुचली. वस्तुस्थिति तशी नाहीं. शहरावरील आकाशांतून भाडें देऊन जाण्याचा प्रयोग एकदां पुरा होऊन गेलेला आहे. तो सुमारें तीस वर्षें चालला, त्यांत हुशार माणसें होतीं, पैसा होता, सरकारचा पाठिंबाहि होता. आणि तरीहि तो बुडाला. तो कां बुडाला हें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या कथेचा आरंभ टपालाच्या थैलीपासून होतो. स्पेनमधील हुआन दे ला सिएर्वा या तरुण यंत्रज्ञाचें ‘ऑटोजायरो’ नांवाचें विमान १९२३ सालीं प्रथम यशस्वी रीतीनें उडालें. त्याच्या माथ्यावर फिरतीं पातीं असत, व त्यांमुळें तें अगदीं आखूड जागेंत उतरूं शके. पुढें ६ जुलै १९३९ रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या टपाल-कचेरीच्या गच्चीवरून असेंच एक ऑटोजायरो थैल्या घेऊन उठलें आणि डेलावेअर नदी ओलांडून कॅमडेन येथील विमानतळावर उतरलें. ही ने-आण सुमारें वर्षभर चालली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, कीव्ह येथें जन्मलेल्या व रशियांतील राज्यक्रांतीनंतर अमेरिकेंत स्थायिक झालेल्या इगोर सिकॉर्स्की यांनीं आपलें हेलिकॉप्टर, खबरदारी म्हणून जमिनीशीं बांधूनच, प्रथम वर उचललें. महायुद्धानें या यंत्राची वाढ झपाट्यानें करविली. आणि युद्ध संपल्यावर, १ ऑक्टोबर १९४७ पासून, लॉस एंजेलिस शहरांत हेलिकॉप्टरनें टपाल नेण्यास प्रारंभ झाला. आमच्याकडील क्रमहि असाच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांच्या विमानांत टपालच होतें. थैली ही उतारूपेक्षां सोशिक असते. तिला उशीर झाला तर ती कुरकुर करीत नाहीं, आणि ती हरवली तर कोणाचें घर उघडें पडत नाहीं. म्हणून नव्या वाटेवर प्रथम तिलाच धाडण्याचा शहाणपणा सर्वत्र दाखविण्यांत आला.

माणसांची पाळी १९५० सालीं आली. त्या वर्षीं १ जून रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल व वेल्समधील कार्डिफ यांच्यामध्यें हेलिकॉप्टरची नियमित उतारू-सेवा सुरू झाली. परंतु वर्ष पुरें होण्याच्या आंतच ती बंद पडली. १९५३ च्या सप्टेंबरांत बेल्जियममधील सबेना कंपनीनें ब्रुसेल्सहून शेजारच्या देशांतील शहरांकडे अशी सेवा सुरू केली, व ती १९६६ पर्यंत चालविली. परंतु ज्यास खरोखर नगरांतर्गत प्रवास म्हणावें, तो न्यूयॉर्क येथेंच पाहावयास सांपडतो. ८ जुलै १९५३ रोजीं न्यूयॉर्क एअरवेज या कंपनीनें तेथील तिन्ही विमानतळांच्या दरम्यान उतारूंची ने-आण सुरू केली. लाग्वार्डिया व आयडलवाइल्ड हे दोन विमानतळ शहराच्या पूर्वेच्या अंगास, आणि तिसरा नेवार्क हा हडसन नदीपलीकडे न्यूजर्सींत. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरचें विमान गांठावयाचें म्हणजे सगळें शहर ओलांडणें आलें. मोटारीनें ज्यास तासाहून अधिक वेळ लागे, तें अंतर हेलिकॉप्टर कांहीं मिनिटांत तोडी. सोय उघड होती व ज्यांस परवडे ते तिचा लाभ घेत. याच कंपनीनें पेरी यंग या कृष्णवर्णीय वैमानिकास नोकरींत घेतलें, व १९५७ सालीं त्यानें उतारूंसह पहिलें उड्डाण केलें. अमेरिकेंतील नियमित विमान-कंपन्यांची दारें तोंपर्यंत त्या वर्णाच्या वैमानिकांस बंद होतीं. ही गोष्ट कंपनीच्या जमेच्या बाजूस आदरपूर्वक मांडली पाहिजे.

आतां खर्चाची बाजू पाहूं. हेलिकॉप्टर हें स्वभावतःच खर्चिक वाहन आहे. साधें विमान पंखांच्या आधारानें तरंगत जातें. हेलिकॉप्टरास स्वतःचा सगळा भार यंत्रबळानें क्षणोक्षणीं उचलून धरावा लागतो. त्यास इंधन अधिक, देखभाल अधिक, आणि उतारू थोडे. न्यूयॉर्क, शिकागो व लॉस एंजेलिस या तिन्ही शहरांतील कंपन्या सरकारी साह्यावर उभ्या होत्या. १९६२ सालीं न्यूयॉर्कमध्यें पंचवीस उतारूंचीं मोठीं, जोड-टर्बाइनचीं हेलिकॉप्टरें आलीं व खर्चाचें मान कांहींसें उतरलें. तथापि साह्यावांचून निभाव लागेना. तेव्हां अमेरिकेच्या कायदेमंडळांत जो प्रश्न निघाला तो निघणें अपरिहार्यच होतें. जो मनुष्य रोज बसनें कामावर जातो त्यानें भरलेल्या करांतून, वेळ वांचविण्यासाठीं आकाशांतून जाणाऱ्याचें भाडें कां भरावें? समर्थक म्हणत कीं, प्रत्येक नव्या वाहनास बाळपणीं दूध पाजावेंच लागतें. हा युक्तिवाद खोटा नव्हे. परंतु दहा-बारा वर्षें होऊनहि बाळ चालूं लागलें नाहीं, तेव्हां १९६५ सालीं तें साह्य बंद करण्यांत आलें. पुढें मोठ्या विमान-कंपन्यांच्या मदतीवर कांहीं काळ गुजराण झाली.

दुसरी अडचण आवाजाची. इंग्लंडांत फेअरी कंपनीनें ‘रोटोडाइन’ नांवाचें एक अजब वाहन तयार केलें होतें. तें हेलिकॉप्टराप्रमाणें उठे व विमानाप्रमाणें पुढें जाई, आणि एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्या शहराच्या मध्यापर्यंत चाळीसांवर उतारू नेण्याचा त्याच्या कर्त्यांचा संकल्प होता. १९५७ च्या नोव्हेंबरांत तें उडालें व उत्तम उडालें. परंतु त्याच्या पात्यांच्या टोकांशीं जळणाऱ्या झोतांचा आवाज इतका कर्कश होता कीं, जेथें तें उतरावयाचें तेथेंच तें नकोसें झालें. आवाज कमी करण्याचे प्रयत्न चालूच होते. पण पैशाचा पाठिंबा आटला आणि १९६२ सालीं सगळी योजना सोडून देण्यांत आली. शहराच्या मध्यावर उतरावें हाच ज्याचा गुण, त्याचा शहराच्या मध्यास त्रास हाच दोष. हें कोडें पुढेंहि सुटलें नाहीं. न्यूयॉर्कच्या मध्यवस्तींत उभ्या असलेल्या पॅन ॲम इमारतीच्या एकोणसाठ मजल्यांवरील गच्चीवर १९६५ च्या डिसेंबरांत हेलिकॉप्टर-तळ उघडला, तेव्हां आवाज व धोका या दोन्ही कारणांस्तव नागरिकांनीं विरोध केला होता. तो तळ १९६८ सालीं बंद झाला, आणि १९७७ च्या आरंभीं पुन्हां उघडण्यांत आला.

त्या वर्षीच्या १६ मे रोजीं सायंकाळीं त्या गच्चीवर एक हेलिकॉप्टर उभें होतें. पातीं फिरत होतीं व उतारू चढत होते. एकाएकीं उजव्या बाजूच्या चाकांचा आधार मोडला, यंत्र कुशीवर कलंडलें, आणि फिरत्या पात्यांनीं गच्चीवरील चौघांचा प्राण घेतला. पात्याचा एक तुकडा उडून कड्यावरून खालीं गेला व मॅडिसन ॲव्हेन्यूवरून चालत जाणाऱ्या एका स्त्रीच्या अंगावर पडला. तीहि मेली. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, चाकांच्या आधारांतील धातु वारंवार पडणाऱ्या ताणानें थकून गेला होता. तो तळ पुन्हां कधींहि उघडला नाहीं.

हा अपघात एकटा नव्हता. १९६० च्या जुलैंत शिकागोजवळ मुख्य पातें तुटून तेरा माणसें मृत्युमुखीं पडलीं. १९६८ सालीं लॉस एंजेलिसमध्यें मे महिन्यांत तेवीस व ऑगस्टांत एकवीस माणसें गेलीं. १८ एप्रिल १९७९ रोजीं नेवार्क येथें शेपटीकडील पात्याचा भाग तुटून तीन उतारू दगावले, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क एअरवेजनें दिवाळें काढलें. यांपैकीं बहुतेक अपघातांच्या मुळाशीं धातूचा थकवाच आढळला. तार पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे ती अखेर तुटते, हें लहान मूलहि जाणतें. हेलिकॉप्टराचें पातें प्रत्येक फेऱ्यांत वांकतें, आणि असे फेरे मिनिटाला दोनशेंच्या घरांत होतात. त्यांतून विमानतळ ते विमानतळ अशा आखूड उड्या दिवसभर मारावयाच्या म्हणजे चढण्या-उतरण्याचा ताण अनेकपट. आणि पातें एकच तुटलें तरी त्यास पर्याय नाहीं.

नव्या वाहनांच्या कर्त्यांनीं हा इतिहास वाचलेला आहे, असें त्यांच्या रचनेवरून दिसतें. एका मोठ्या पंख्याऐवजीं ते अनेक लहान पंखे लावतात. त्यांपैकीं एखादा बंद पडला तरी उरलेले भार वाहतील अशी योजना असते. विजेच्या मोटारींत हलणारे भाग थोडे, आणि लहान पंख्यांचा आवाजहि सौम्य. असें अनेक पंख्यांचें विजेचें यंत्र मनुष्यासह प्रथम १९११ नव्हे, तर थेट शंभर वर्षांनीं, १९११ ची शताब्दी उलटतांना, २०११ च्या ऑक्टोबरांत जर्मनींत उडालें. २०१६ सालीं मोटारी भाड्यानें मिळवून देणाऱ्या उबर कंपनीनें शहरी हवाई प्रवासाचा मोठा आराखडा प्रसिद्ध केला, आणि चारच वर्षांनीं तो विभाग जोबी या कंपनीच्या हवालीं केला. २०२३ च्या ऑक्टोबरांत चीनच्या विमान-खात्यानें ईहँग कंपनीच्या दोन उतारूंच्या, वैमानिकरहित यंत्रास मान्यतापत्र दिलें. पुढच्या ऑक्टोबरांत अमेरिकेनें अशा वाहनांच्या वैमानिकांसाठीं व उड्डाणांसाठीं स्वतंत्र नियम केले. उलट बाजूहि तितकीच ठळक आहे. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिक सामन्यांत उतारू नेण्याचा जर्मन व्होलोकॉप्टर कंपनीचा बेत मान्यतापत्राअभावीं फसला, आणि त्याच वर्षअखेरीस तिला व लिलियम या दुसऱ्या जर्मन कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

एक नवी अडचणहि येथें उभी राहिली आहे, ती वजनाची. एक शेर इंधनांत जितकी शक्ति सांठते, तितकी आजच्या विद्युत्‌घटांत सांठवावयाची तर चाळीस-पन्नास शेर वजन वाहावें लागतें. विजेची मोटार इंधनाच्या यंत्राहून शक्तीचा उपयोग पुष्कळ काटकसरीनें करते, म्हणून हें अंतर व्यवहारांत कमी होतें. परंतु तें नाहींसें होत नाहीं. इंधन जळून विमान हलकें होतें, विद्युत्‌घट रिकामा झाला तरी तितकाच जड राहतो. शिवाय ढग, पाऊस व वादळ यांत थांबण्यासाठीं हातीं राखून ठेवावयाची शक्ति निराळीच.

आणि ही अडचण उद्यां दूर झाली तरी जुना प्रश्न शिल्लक राहतोच. मुंबईची एक लोकल गाडी गर्दीच्या वेळीं चार हजारांहून अधिक माणसें वाहते. चार उतारूंच्या विमानानें तीं न्यावयाचीं तर हजार खेपा कराव्या लागतील. तेव्हां हवाई टॅक्सीनें रस्त्यांवरची दाटी हटेल, हें म्हणणें गणितास पटत नाहीं. तिचा उपयोगच नाहीं, असा याचा अर्थ नव्हे. अत्यवस्थ रोग्यास वेळीं इस्पितळांत पोंचविणें, खाडीपलीकडील किंवा डोंगराआडच्या वस्तीस जवळ आणणें, अशीं कामें ती करूं शकेल, आणि त्यांसाठीं सार्वजनिक पैसा खर्चण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या मार्गानें थोडे जातील व ज्याचा आवाज सर्वांनीं ऐकावयाचा, त्याचा जमाखर्च सर्वांसमक्ष मांडला गेला पाहिजे.

असे प्रस्ताव आमच्या शहरांपुढेंहि येत आहेत व पुढें अधिक येतील. त्या वेळीं यंत्र किती वेगानें जातें व भाडें किती पडेल, हे दोन प्रश्न सगळेच विचारतील. गच्च्यांच्या खालीं राहणाऱ्यांस कोणीं विचारलें, यंत्राचा कोणता भाग किती दिवसांनीं बदलावयाचा हें कोण पाहणार, आणि अपघात झाला तर वाटेनें जाणाऱ्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न मात्र आपणांस मुद्दाम विचारावे लागतील. मॅडिसन ॲव्हेन्यूवरून त्या सायंकाळीं चालत जाणाऱ्या स्त्रीनें तिकीट काढलेलें नव्हतें. तिच्या बाजूनें बोलणारा कोणी तरी त्या गच्चीची परवानगी देणाऱ्या बैठकींत असावयास हवा होता. आमच्या बैठकींत तो असावा, एवढी आमची मागणी आहे.