धोतऱ्याच्या परागकणातून उगवलेले रोप

शालेय पाठ्यपुस्तकात वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांची तुलना एका तक्त्यात मांडलेली असते. वनस्पती पेशीला सेल्युलोजची पेशीभित्तिका असते, प्राणी पेशीला नसते. वनस्पती पेशीत हरितलवके असतात, प्राणी पेशीत नसतात. एकीची रिक्तिका मोठी, दुसरीची लहान. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड दोन्हींत आढळतात. तक्ता बरोबरच आहे. परंतु या दोन पेशींतील एक मोठा भेद त्यात येत नाही, कारण तो रचनेत दिसणारा नसून पेशीच्या सामर्थ्यात दडलेला आहे. त्याच्या शोधातील एक महत्त्वाचा टप्पा १९६४ साली दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात गाठला गेला.

या प्रश्नाचा उगम पेशी सिद्धांतातच आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या कापात रिकामे कप्पे पाहिले आणि त्यांना नाव दिले. श्लायडेन (१८३८) आणि श्वान (१८३९) यांनी अनुक्रमे वनस्पती आणि प्राणी पेशींनीच बनलेले असतात, असे प्रतिपादन केले. पुढे १८५५ साली विर्शो याने प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे सूत्र मांडले. पेशी विभागताना गुणसूत्रांचा पूर्ण संच दोन्ही कन्यापेशींना मिळतो, हेही त्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. मग एक प्रश्न अटळ होता. पानातल्या किंवा मुळातल्या एका पेशीजवळ जर संपूर्ण वनस्पतीचा आराखडा असेल, तर त्या एका पेशीपासून पूर्ण वनस्पती का उभी राहू नये?

ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली हाच प्रश्न घेऊन वनस्पतींच्या सुट्या पेशी पोषकद्रावणात वाढवण्याचा प्रयत्न केला. पेशी जगल्या, फुगल्या, पण एकही विभागली नाही. ज्या संप्रेरकांवाचून हे विभाजन होत नाही, ती तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हती. प्रयोग फसला, तरी कधीतरी शरीरपेशींपासून कृत्रिम भ्रूण मिळतील, हे भाकीत हाबरलांट यांनी लिहून ठेवले. पुढे ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही संप्रेरके सापडली. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी दाखवले, की या दोहोंच्या प्रमाणावर मूळ फुटणार की कोंब, हे ठरते. १९५८ साली अमेरिकेत स्टीवर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी, तर जर्मनीत राइनर्ट यांनी गाजराच्या संवर्धित पेशींपासून भ्रूणासारख्या रचना मिळवल्या. भाकीत खरे ठरू लागले होते.

त्या काळी दिल्लीचा विभाग पंचानन माहेश्वरी यांच्या नेतृत्वाखाली वनस्पती भ्रूणविज्ञानाचे जगन्मान्य केंद्र बनला होता. अफूच्या झाडाच्या बीजांडांचे परीक्षानळीत फलन घडवल्याचा या विभागातील शोधनिबंध १९६२ साली ‘नेचर’मध्ये आला होता. याच वातावरणात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या एका जातीचे, दातुरा इनॉक्सियाचे, कोवळे परागकोश पोषकमाध्यमावर ठेवले. त्यांना अभ्यास करायचा होता अर्धगुणसूत्री विभाजनाचा, म्हणजे ज्यातून परागकण तयार होतात त्या प्रक्रियेचा. माध्यमात निरनिराळी पूरके घालून पाहिली जात होती. नारळाचे पाणी हे त्यांपैकी एक. काही आठवड्यांनी काही परागकोशांतून भ्रूणासारख्या रचना बाहेर आल्या आणि त्यांची रोपटी होऊ लागली.

या रोपट्यांचा जन्म नेमका कोणत्या पेशीतून झाला? परागकोशात दोन प्रकारच्या पेशी असतात. भिंतीच्या पेशी सामान्य शरीरपेशींसारख्या द्विगुणित. या धोतऱ्यात त्यांची गुणसूत्रे २४. परागकण मात्र एकगुणित. त्यांच्यात गुणसूत्रे १२. रोपटे भिंतीतून आले असेल, तर ते गाजराच्या उदाहरणाची पुनरावृत्ती ठरेल. परागकणातून आले असेल, तर गोष्ट सर्वस्वी वेगळी. परागकणाचे काम नरयुग्मके स्त्रीकेसरापर्यंत पोहोचवणे एवढेच. ते संपले की त्याचे आयुष्य संपते. असा कण आपला ठरलेला मार्ग सोडून, फलनावाचून, निम्म्या गुणसूत्रांच्या बळावर संपूर्ण वनस्पती घडवू शकतो का?

१९६४च्या ‘नेचर’मधील निबंधाच्या शीर्षकात धोतऱ्याच्या ‘परागकोशांपासून’ भ्रूणनिर्मिती, एवढाच दावा आहे. १९६६च्या निबंधाचे शीर्षक ‘परागकणांमधील’ पेशीविभाजन आणि भ्रूणविकास यांविषयी बोलते. या दोन शीर्षकांमध्ये दोन वर्षांचे काम आहे. परागकण आत विभागत जाऊन भ्रूण होताना सूक्ष्मदर्शकाखाली टिपले गेले आणि रोपट्यांच्या पेशींत गुणसूत्रे १२ भरली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही शीर्षके शेजारी ठेवून वाचावीत. जे सिद्ध झाले तेवढेच लिहायचे आणि उरलेल्यासाठी पुन्हा प्रयोगाकडे वळायचे, ही शिस्त त्यांत दिसते.

एकगुणित धोतरा निसर्गात क्वचित आढळतो, हे ब्लेकस्ली आणि सहकाऱ्यांनी १९२२ सालीच नोंदवले होते. आता तो हवा तेव्हा तयार करण्याची वाट सापडली. पीकसुधारकांसाठी तिचे मोल मोठे होते. संकरातून शुद्ध वाण मिळवायचा तर एरवी सहा ते आठ पिढ्या स्वपरागण करावे लागते. एकगुणित रोपाची गुणसूत्रे कॉल्चिसिनने दुप्पट केली, की प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकसारख्या असलेले रोप एकाच टप्प्यात मिळते. फ्रान्समध्ये तंबाखूवर आणि १९६८ साली जपानमध्ये भातावर हे तंत्र यशस्वी झाले. चीनने त्यातून भात व गव्हाचे वाण विकसित केले. जळगावच्या शेतात लागणारी टिश्यू कल्चर केळी परागकणांपासून होत नाहीत, ती कोंबाच्या टोकापासून होतात. पण अल्पशा ऊतीतून पूर्ण झाड उभे करण्याचे वनस्पती पेशीचे सामर्थ्य तेथेही कामी येते.

प्राणी पेशीचे काय? गर्डन यांनी १९६२ साली बेडकाच्या भैरूच्या आतड्यातील पेशीकेंद्रक केंद्रकविरहित अंड्यात बसवून भैरू वाढवले. प्राण्याच्या शरीरपेशीतही आराखडा पूर्ण असतो, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु तो उलगडण्यासाठी अंड्याचा पेशीद्रव लागला. यामानाका यांनी २००६ साली चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या शरीरपेशी मूळपेशींसारख्या बनवल्या, तरी त्या पेशी स्वतःहून उंदीर घडवत नाहीत. गर्डन व यामानाका यांना २०१२ साली नोबेल मिळाले. आराखडा दोन्हीकडे आहे. पण तो पुन्हा आरंभापासून वाचणे वनस्पती पेशीला पुष्कळ सोपे जाते. वनस्पती जागा सोडून पळू शकत नाही, तुटलेला भाग तिला पुन्हा उभारावा लागतो आणि तिचे अवयव आयुष्यभर नव्याने फुटत राहतात. बहुतेक प्राण्यांत प्रजननपेशींचा वंश भ्रूणावस्थेतच वेगळा काढला जातो. वनस्पतीत त्या फुलोऱ्याच्या वेळी, साध्या शरीरपेशींच्या वंशातून घडतात.

सिप्रा गुहा-मुखर्जी पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २००७ साली त्यांचे निधन झाले. सतीशचंद्र माहेश्वरी २०१९ साली निवर्तले. पाठ्यपुस्तकातील त्या तक्त्यात आणखी एक ओळ घालण्यास हरकत नाही: योग्य माध्यम मिळाले, तर वनस्पतीची एकटी पेशी पूर्ण वनस्पती होऊ शकते. आणि निम्मी गुणसूत्रे असलेल्या परागकणालाही हे साधते, हे प्रथम दिल्लीत दिसले.