लखलखा, असरोल आणि बीपीचा आकडा

उर्दू शिकवतो म्हणून मावळातली ओळखीची मंडळी कधीकधी घरातली जुनी बयाज, म्हणजे हकिमी नुस्ख्यांची वही, माझ्याकडे वाचायला आणतात. प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "सर, यात बीपीवर हुंगायचं काही आहे का?"

बीपी हा शब्द त्या वह्यांत सापडत नाही. सापडणार कसा? दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची रीत इटलीच्या रिव्हा-रोचीने 1896 मध्ये काढली आणि पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकायचे रशियन डॉक्टर कोरोत्कोव्हने 1905 मध्ये दाखवले. त्याआधीचा हकीम नब्ज बघायचा. त्याच्या वहीत असतो तो खफकान, म्हणजे छातीची धडधड आणि जीव घाबरा होणे.

खफकानवर मात्र हुंगायचे उपाय भरपूर आहेत. चंदन, गुलाबजल, कापूर असे जिन्नस रुंद तोंडाच्या भांड्यात घालून नाकाशी धरायचे, तो लखलखा. काढ्याची वाफ घ्यायची, तो इन्किबाब. यामागे पक्का विचार होता. इब्न सीना (मृत्यू 1037) यांनी हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हृदय हे रूहचं घर, भीती आणि दुःख तिथे उतरतात आणि सुगंध रूहला बळ देतो, अशी त्यांची मांडणी. आज दवाखान्याच्या बाकावर सून सासूच्या नाकाशी अत्तराचा फाया धरते, तेव्हा तिला हे नाव ठाऊक नसतं, पण रीत तीच.

पण धडधड थांबणं आणि दाब उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ इथेच होतो. डॉक्टरसमोर घाबरून चढलेला आकडा थोडं शांत बसल्यावर बराचसा उतरू शकतो. त्याचं श्रेय फायाला मिळतं आणि घरी गोळी बंद होते. खरा वाढलेला दाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही; धडधड नाही, म्हणून दाब नाही, असं नसतं.

मोजून बघायची सवय आपल्याकडे नव्हती असंही नाही. आपल्या लोणावळ्यातच स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं. हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरला शिक्षक होते (आमच्याच पेशातले!). आसन करताना रक्तदाबाचं काय होतं हे त्यांनी यंत्र लावून मोजलं आणि 1926 मध्ये आपल्या 'योग मीमांसा' नियतकालिकात छापलं. परंपरेवर श्रद्धा होती, तरी मोजणं टाळलं नाही.

हकिमी परंपरेतही असं घडलं, पण हुंगायच्या औषधाबाबत नव्हे, मुळीबाबत. असरोल, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही उगवणारी सर्पगंधा. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाला कामाला लावलं. हकीमसाहेब 1927 मध्ये गेले. सिद्दीकींनी 1931 मध्ये असरोलमधून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला त्यांच्या आठवणीने अजमलीन नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते असं लिहिलं. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांवर ती देऊन, दाब मोजून, 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं झालं आणि त्याच्या गोळ्या देशोदेशी गेल्या. काही रुग्णांना त्यातून खोल उदासी येते हेही मोजणीतूनच कळलं, आणि नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. म्हणून बाजारातून सर्पगंधेची पूड आणून चिमटीने घेणाऱ्यांना मी हात जोडतो.

लखलख्याच्या वाट्याला असा वकील आला नाही. सुगंधाने बेचैनी कमी होते असे छोटे अभ्यास झालेत, पण तो आराम थोड्या वेळाचा. त्यावर गोळी सोडावी असं काही त्यात नाही.

दवाखान्यात अत्तर हुंगायला माझी ना नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग दाब मोजा, एका आकड्यावर थांबू नका, घरीही मोजा. वही डॉक्टरांना दाखवा. आणि घरात दम्याचा माणूस असेल तर कापूर नि लोबान लांबच ठेवा. लोणावळ्याच्या पावसात खिडक्या चार महिने बंद असतात, धूर जाणार कुठून?